गुलाम फेकायचा की ठेवायचा?

पत्र असं आहे:

"नमस्कार. साधा पोकर मी मित्रांबरोबर बरीच वर्षं खेळतोय आणि बरा खेळतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या गटानं लोबॉल सुरू केला, म्हणजे सगळ्यांत लहान हात जिंकतो तो पोकर. त्याच्या दोन जाती खेळतो, कधी दोन-ते-सात, कधी एक्का-ते-पाच. दोन्हींत पत्ते एकदाच बदलायचे. तेव्हापासून मी जवळजवळ दर वेळी हरून उठतो. लहान पत्ते हातात आले की सोडवत नाहीत. एक्का-दुर्री दिसली की मी आत शिरलेलोच असतो. परवा दोन-ते-सातमध्ये वाटतानाच मला गुलाम-९-६-४-२ आले. डावात दोघंच उरलो होतो. त्यानं माझ्याआधी एक पत्ता बदलला. मला गुलाम फार मोठा वाटला म्हणून मी तो फेकला. नव्वी आली आणि जोडी झाली. त्यानं राणी-८-७-३-२ दाखवले. गुलाम ठेवला असता तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स, माझा होता. हे नशीब म्हणायचं की चूक? आणि या खेळाचं मूळ धोरण शिकायला सुरुवात कुठून करू?"

चूक म्हणायची. नव्वीऐवजी तिर्री येऊन तुम्ही तो पॉट उचलला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

तुम्ही दोघांचे पत्ते दिलेच आहेत, तर आधी मोजून पाहू. तुमचे पाच, त्यानं धरलेले चार, आणि त्यानं फेकलेला पाचवा राजा होता असं धरू. गड्डीत आणि इतरांनी टाकलेल्यांत मिळून ४२ पत्ते उरतात. तुम्ही गुलाम ठेवला असता तर तुम्हाला हरवायला त्याला चौकी, पंजी, छक्की, नव्वी, दश्शी किंवा गुलाम लागत होता. (गुलाम लागला तर त्याचा हात गुलाम-८ आणि तुमचा गुलाम-९, म्हणून तोही त्याचाच.) हे पत्ते अनुक्रमे ३, ४, ३, ३, ४ आणि ३ उरले होते, म्हणजे एकूण २०. बाकीच्या २२ पत्त्यांवर पॉट तुमचा. फरक मोठा नाही, पण पुढे तुम्ही होतात.

आता गुलाम फेकल्यावर काय झालं ते बघा. तुम्ही ९-६-४-२ वर एक पत्ता मागताय, तो ८-७-३-२ वर एक. दोघंही अर्धवट हातांवर, आणि त्यात तुमचा हात त्याच्यापेक्षा वरून जड. हे गणित थोडं लांब आहे, पण मी मांडून पाहिलं, तुमचा वाटा साधारण ४५ टक्क्यांवर येतो. जवळजवळ ५२ टक्क्यांचा मालक असताना तुम्ही आपल्या हातानं ४५ वर उतरलात. एका डावात हे जाणवणारही नाही. महिनाभर दर बैठकीत असं झालं तर मात्र नक्की जाणवेल, आणि तुमच्या पत्रावरून ते जाणवायला लागलं आहे.

त्या वेळी त्याचे पत्ते तुम्हाला दिसत नव्हते, हे मला कळतं. म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो. त्याचे पत्ते दिसत नव्हते, पण त्यानं एक पत्ता घेतला हे दिसलं होतं. ड्रॉ पोकरमध्ये, म्हणजे पत्ते बदलायच्या पोकरमध्ये, टेबलावर एकही उघडा पत्ता नसतो. समोरचा बेट करतो ते खोटं असू शकतं, त्याचा चेहरा खोटा असू शकतो. किती पत्ते बदलले तो आकडा मात्र सगळ्यांसमोर पडतो आणि त्यातून बरंच काही कळतं. एक पत्ता बदलणाऱ्याकडे या क्षणी पूर्ण हात नाही. तो तयार होईल की नाही, हे अजून ठरायचं आहे. तुमच्याकडे गुलामाचा का होईना, तयार हात होता. तुम्ही स्वतःच्या पत्त्यांकडे बघून ठरवलंत. ठरवायला हवं होतं त्याच्या आकड्याकडे बघून.

तोच गुलाम-९-६-४-२ घ्या आणि फक्त समोरच्याचा आकडा बदला.

त्यानं एक पत्ता घेतला तर पॅट राहायचं, म्हणजे काहीही बदलायचं नाही. त्याच्याकडे दोन-ते-सातमधली सगळ्यांत चांगली तयारी, २-३-४-७, असली तरी त्याला जिंकवणारे पत्ते ४२ पैकी २१ भरतात. म्हणजे वाईटात वाईट प्रसंगी बरोबरी, आणि इतर बहुतेक वेळा तुम्ही थोडे पुढे. त्यानं दोन पत्ते घेतले तर तोच गुलाम चांगला दणकट हात होतो. समजा तो २-३-७ धरून दोन मागतोय. तुमचे पत्ते वगळून मोजलं तर तो तुम्हाला हरवण्याची शक्यता साधारण २६ टक्के येते. चारांतले जवळजवळ तीन पॉट तुमचे. आणि त्यानं तुमच्याआधी हात हलवून "पॅट" म्हटलं, एकही पत्ता घेतला नाही, तर? मग तुमचा गुलाम बहुधा मेला. आता तो फेका आणि ९-६-४-२ वर एक पत्ता मागा. तिर्री, पंजी, सत्ती किंवा अठ्ठी लागली तर नव्वीचा हात होतो. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत असे १६ असतात, म्हणजे ३४ टक्के. नव्वी झाली तरी त्याच्यासमोर ती पुरेलच असं नाही, म्हणून त्यासाठी फार चिप्स घालू नका.

हात एकच, पण आकड्यानुसार तीन वेगवेगळे निर्णय झाले. तुमची परवाची चूक याच जागी आहे.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते, ती म्हणजे बसण्याची जागा. पत्ते बदलायची पाळी डीलरच्या डाव्या हातापासून सुरू होते आणि डीलरच्या जागेवर, म्हणजे बटनवर, संपते. बटनवर बसलेला सगळ्यांचे आकडे पाहून मग स्वतःचं ठरवतो. आधी बदलणाऱ्याला हे सुख नाही. त्याच गुलामानं तुम्ही पहिल्या जागेवरून खेळला असतात तर तुम्हाला अंधारात ठरवावं लागलं असतं. साध्या पोकरमध्येही जागेला किंमत आहे, पण लोबॉलमध्ये ती दुप्पट वाटते, कारण इथे जागा बेटच्या वेळी कामाला येते आणि पत्ते बदलतानाही. म्हणून सुरुवातीच्या जागांवर कडक राहा आणि बटनच्या जवळ थोडे सैल. मला विचाराल तर नव्या खेळाडूनं पहिल्या दोन जागांवरून खडबडीत दश्शी-गुलामाचे हात सरळ सोडून द्यावेत. ते पुढून खेळायला फार अनुभव लागतो.

आता मागे जाऊन मुळापासून घेतो, कारण तुमच्या पत्रात मला आणखी एक गोंधळ दिसतो. "एक्का-दुर्री दिसली की आत" असं तुम्ही लिहिलंय, आणि दोन्ही खेळांबद्दल एकाच श्वासात लिहिलंय. दोन्हींत सगळ्यांत लहान हात जिंकतो एवढंच साम्य आहे. एक्का-ते-पाचमध्ये एक्का सगळ्यांत लहान, सलग पत्ते (स्ट्रेट) किंवा एका रंगाचे पत्ते (फ्लश) यांचं काही बिघडत नाही आणि सर्वोत्तम हात ५-४-३-२-एक्का. दोन-ते-सातमध्ये एक्का नेहमी सगळ्यांत मोठा, स्ट्रेट आणि फ्लश तुमच्या विरुद्ध मोजले जातात आणि सर्वोत्तम हात ७-५-४-३-२, तोही एका रंगाचा नसलेला. तिथे एक्का-दुर्री म्हणजे एक दुर्री आणि एक फेकायचा पत्ता. तुमचे निम्मे तोटे याच सवयीतून येत असतील तर मला नवल वाटणार नाही.

दोन्हींत हात वरून वाचायचा. मोठा पत्ता आधी, तो सारखा असेल तर दुसरा, मग तिसरा. एक्का-ते-पाचमध्ये ८-५-४-३-२ हा ८-६-३-२-एक्का यापेक्षा चांगला, कारण अठ्ठी दोन्हीकडे आहे आणि पुढे पंजी छक्कीपेक्षा लहान. खाली एक्का आहे, दुर्री आहे, याचा इथे काही उपयोग नाही. नवीन लोक खालून वाचतात, गोड लहान पत्ते पाहून हुरळतात आणि वर बसलेला मोठा पत्ता विसरतात. खेळणारे ८-४-३-२-एक्का अशा हाताला "स्मूथ" अठ्ठी म्हणतात आणि ८-७-६-५-एक्का अशाला "रफ". शब्द लक्षात ठेवा. नाव दोघांचं अठ्ठीच, पण अठ्ठी विरुद्ध अठ्ठी आली की सगळा पॉट या फरकावर जातो.

तयार हात किती दुर्मीळ असतात तेही एकदा कळलेलं बरं. एक्का-ते-पाचमध्ये वाटतानाच अठ्ठी किंवा त्याहून चांगला हात साधारण ४५ डावांत एकदा येतो. दोन-ते-सातमध्ये एक्का कामाचा नाही आणि स्ट्रेट-फ्लश बाद होतात, त्यामुळे तोच दर्जा साधारण १४२ डावांत एकदा. तिप्पट फरक. म्हणून एका खेळातली अठ्ठी आणि दुसऱ्या खेळातली अठ्ठी यांना एक भाव देऊ नका. दोन-ते-सातमध्ये वाटून आलेली नव्वी हा फार चांगला हात आहे, तो किंवा त्याहून चांगला हात साधारण ४९ डावांत एकदा दिसतो. एक्का-ते-पाचमध्ये नव्वी किंवा त्याहून चांगला हात वीस डावांत एकदा येतो. तिथे तो बरा, पण त्यावर घर विकायचं नाही.

तुम्ही लिहिलंत, "लहान पत्ते हातात आले की सोडवत नाहीत." यावरचं उत्तर आकड्यांत आहे, मनाला समजावण्यात नाही. एक्का-ते-पाच घेऊ. हातात एक्का-२-३-४ आणि तुम्ही एक पत्ता बदलताय. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, प्रत्येकी चार, म्हणजे ४७ पैकी १६ पत्ते तुम्हाला अठ्ठी किंवा त्याहून चांगला हात देतात: ३४ टक्के. आता हातात फक्त एक्का-२-३ आहेत आणि दोन बदलताय. शक्यता उतरते १५ टक्क्यांवर. फक्त एक्का-२ धरून तीन बदलले तर ८ टक्के. तुम्ही "आत शिरता" तेव्हा बहुतेक वेळा या शेवटच्या रांगेत उभे असता. समोर एक पत्ता बदलणारा असला तरी तो तुमच्या चौपट पुढे आहे.

म्हणून एकदाच बदलायच्या खेळात माझा नियम कडक आहे, आणि तुम्हीही काही महिने तो तसाच पाळा: एक पत्ता बदलून हात तयार होणार असेल तरच पैसे घाला. दोन पत्ते बदलायचे असतील तर फक्त ब्लाइंडमध्ये (पत्ते बघण्याआधीच सक्तीनं चिप्स टाकायच्या जागेवर), तेही कुणी रेज केलेलं, म्हणजे बेट वाढवलेली, नसताना, किंवा बटनवर सगळे सोडून गेलेले असताना. आणि ते तीन पत्ते खरंच उत्तम हवेत, एक्का-ते-पाचमध्ये एक्का-२-३ किंवा एक्का-२-४ यांसारखे, दोन-ते-सातमध्ये २-३-४, २-३-७ यांसारखे. तीन पत्ते कधीच बदलू नका. कधीच नाही.

दोन-ते-सातमध्ये एक सापळा आहे, त्यात मी स्वतः सुरुवातीला बरेच दिवस अडकलो होतो. २-३-४-५ असे चार पत्ते आले की वाटायचं, याहून सुंदर काय असणार! पण मोजा. छक्की आली तर स्ट्रेट, हात बाद. एक्का आला तर एक्का मोठा, हात एक्क्याचा. अठ्ठी किंवा त्याहून चांगला हात देणाऱ्या फक्त चार सत्ती आणि चार अठ्ठी, ४७ पैकी ८, म्हणजे १७ टक्के. आता २-३-४-७ घ्या. दिसायला वरून जड. पण पंजी, छक्की, अठ्ठी तिन्ही चालतात, १२ पत्ते, २५ टक्क्यांहून थोडे जास्त. सत्ती धरलेला हात मोकळा असतो, दोन्ही टोकांना स्ट्रेटची भीती नसते. तेव्हापासून मी हातात दुर्री आणि सत्ती आहे का, हे सगळ्यांत आधी बघतो.

दुर्रीबद्दल तर आणखी एक गोष्ट. सत्तीचे हात फक्त चार: ७-५-४-३-२, ७-६-४-३-२, ७-६-५-३-२ आणि ७-६-५-४-२. चारहींत दुर्री आहे. दुर्री नसेल तर उरतो ७-६-५-४-३, आणि तो स्ट्रेट. म्हणजे दुर्रीशिवाय सत्तीचा हात होऊच शकत नाही. ४-५-६ असे मधले पत्ते घेऊन खेळणारे लोक मी नेहमी पाहतो. त्यांना वाटतं आपण लहान पत्त्यांवर आहोत. खरं तर ते स्ट्रेटच्या तोंडात बसलेले असतात. चारही पत्ते एका रंगाचे असले तर त्यातही घट धरा, कारण प्रत्येक चांगल्या पत्त्यातला एक फ्लश करून जाईल. २-३-४-७ चारही इस्पिकचे असतील तर १२ चे ९ होतात.

कॉल करायचा (समोरच्याच्या बेटइतक्या चिप्स टाकायच्या) की नाही हे पॉटच्या आकाराशी जोडा. साधं उदाहरण: २-३-४-७ वर तुमची शक्यता चारांत एक आहे. पॉटमध्ये ९ चिप्स आहेत आणि कॉलला ३ लागतात, तर हिशेब जेमतेम बसतो. पॉटमध्ये ५ आहेत आणि ३ मागतायत तर बसत नाही. हात तयार झाल्यावर समोरच्याकडून आणखी काही चिप्स निघतील ही आशा धरता येते, पण ती थोडीच धरा. कारण तुम्ही एक पत्ता घेतलाय हे त्यालाही दिसलंय.

आता पत्ते बदलून झाल्यानंतरचं बेटिंग. इथेही आकडाच वाचायचा. दोघांनी एकेक पत्ता घेतला असेल तर एक्का-ते-पाचमध्ये एक्का-२-३-४ सारख्या तयारीतून दश्शी किंवा त्याहून चांगला हात साधारण निम्म्या वेळा होतो (४७ पैकी २४). म्हणजे दश्शी हा मधला हात. मधल्या हातानं स्वतः बेट करू नये, कारण त्यापेक्षा वाईट हात सोडून जातात आणि चांगले हात कॉल करतात; दोन्हीकडून तुमचंच नुकसान. दश्शीनं चेक करा, म्हणजे बेट न करता पाळी पुढे द्या, आणि एखादी बेट आली तर कॉल करा. अठ्ठी असेल तर बिनधास्त बेट करा. नव्वी जागेवर आणि माणसावर अवलंबून. शेवटचे बोलणारे असाल आणि त्यानं चेक केलं असेल तर मी नव्वीनं बेट करतो. (एक्का-ते-पाचच्या काही टेबलांवर असा नियम असतो की सत्ती किंवा त्याहून चांगला हात घेऊन चेक केलं तर पुढे पडलेल्या चिप्स तुम्हाला मिळत नाहीत. काही ठिकाणी जोकरही असतो, तो तुम्हाला हव्या त्या लहानात लहान पत्त्याची जागा घेतो आणि मग वरचे सगळे आकडे बदलतात. बसण्याआधी हे दोन्ही विचारून घ्या.)

जोडी लागली तर? इथे बरेच चांगले लोक घाबरतात. जोडीचा हात दाखवून जिंकणं जवळजवळ अशक्य, म्हणून तो चेक करून सोडून देतात. पण समोरच्यानंही एकच पत्ता घेतलाय, तोही बराच वेळा चुकलेला असतो. तुम्हाला राणी लागली असेल तर ती दाखवून कधी तरी जिंकाल, म्हणून तिनं बेट करण्यात अर्थ नाही. जोडी लागली असेल तर बेट हाच एक रस्ता आहे. पाच-सहा वेळांत एकदा तो वापरा, सारखा नाही. आणि जो माणूस सगळं कॉल करतो त्याच्यासमोर अजिबात नाही.

याच कुटुंबातली एक चाल म्हणजे "स्नो". हातात ५-५-५-६-६ असं काही आलं. लोबॉलमध्ये हा कचरा. पण पाच लहान पत्ते तुमच्याकडे अडकलेत, म्हणजे इतरांच्या वाट्याला मोठे पत्ते जास्त येणार. आधी रेज करायचं, मग पॅट राहायचं, मग बेट करायची. २-३-४-७ धरून बसलेल्याला हव्या असलेल्या पंजी-छक्क्यांतली बरीचशी तुमच्या हातात आहेत. मला ही चाल फार आवडते, पण ती तुम्ही निदान काही महिने खेळू नका. तुमचा पॅट खरा असतो अशी टेबलाची खात्री होईपर्यंत तिला वजन येत नाही, आणि ती खात्री सरळ खेळूनच होते.

तयार हात मोडायचा प्रश्न परत एकदा घेतो, कारण तिथेच तुमचं पत्र सुरू झालं होतं. मोडायचा की नाही हे ठरवताना समोरच्याच्या आकड्यानंतर दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे वरच्या पत्त्याखाली काय आहे. गुलाम-७-४-३-२ हा हात समोर पॅट आला तर आनंदानं मोडा, खाली २-३-४-७ उभा आहे. गुलाम-१०-९-८-२ मोडून काही मिळत नाही. दश्शी वर ठेवून दुसरा मोठा हात येणार. असा हात एक तर तसाच पॅट ठेवायचा, नाही तर आधीच सोडायचा. तुमचा ९-६-४-२ या दोघांच्या मध्ये कुठेतरी होता.

तुमचा गट पुढेमागे ट्रिपल ड्रॉकडे जाईल, बरेच गट जातात. तिथे तीनदा पत्ते बदलता येतात आणि वरची अनेक उत्तरं उलटतात. २-३-४-७ वर अठ्ठी किंवा त्याहून चांगला हात होण्याची शक्यता एका बदलात २५ टक्के, दोन बदलांत ४५, तीन बदलांत जवळजवळ ६०. त्यामुळे तिथे तीन चांगले पत्ते धरून दोन बदलणं ही रोजची, रास्त गोष्ट आहे. तयार दश्शीचंही तसंच. एक बदल बाकी असताना २-३-४-७ वाल्याला तुमच्या दश्शीखाली जायला ५, ६, ८ किंवा ९ हवा, ३४ टक्के. तुम्ही आरामात पुढे. दोन बदल बाकी असतील तर त्याच्याकडे दोन संधी, ५७ टक्के. आता तुम्ही मागे. दश्शी तीच, पण बाकी राहिलेल्या बदलांनी तिची किंमत ठरते. ट्रिपल ड्रॉमध्ये समोरच्याचा आकडा तीनदा दिसतो, दोन, मग एक, मग पॅट. आणि तो कुठल्या बदलानंतर थांबला त्यावरून त्याचा हात बऱ्यापैकी ओळखता येतो.

तुम्ही साध्या पोकरमध्ये बरे खेळता म्हणून लोबॉलही आपोआप जमेल असं धरलंत, असं मला पत्रावरून वाटलं. तसं नसतं. बिली बॅक्स्टर या अमेरिकन खेळाडूकडे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेतली विजेत्याला मिळणारी सात ब्रेसलेट आहेत, पहिलं १९७५ चं, आणि सातही लोबॉलच्या जातीच्या खेळांतली. हा स्वतंत्र अभ्यासाचा खेळ आहे, आणि अभ्यास केला तर फळ देणारा आहे. म्हणून हरताय याचं वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही आत्ता कुठे सुरुवात करताय.

सुरुवात कुठून, हे शेवटी विचारलंत. तुमच्या गटाला सांगा की दोन महिने एकच खेळ खेळू, आणि तो एक्का-ते-पाच असू दे. त्यात स्ट्रेट-फ्लशची कटकट नाही आणि हात वरून वाचायची सवय लागते. आणि परवाच्या चुकीसाठी घरी एक कॅट घ्या, दोन-ते-सातचे नियम धरा. गुलाम-९-६-४-२ आपल्यासमोर मांडा, पलीकडे ८-७-३-२ मांडा, एक राजा बाजूला काढा आणि उरलेले ४२ पत्ते पिसून एकेक करून त्याच्या हाताशेजारी उलटत जा. प्रत्येक पत्त्याला पॉट कोणाचा ते कागदावर लिहा. मग ८-७-३-२ च्या जागी २-३-४-५ ठेवून हेच परत करा. या वेळी त्याच्या बाजूला १८ खुणा पडल्या पाहिजेत. २१ पडल्या तर छक्की आल्यावर झालेला स्ट्रेट तुमच्या नजरेतून सुटलाय, तो डाव पुन्हा मोजा.